स्मूथ जॅझ आणि रेडिओचें माप

कोणत्याहि कलेस आश्रयदात्यावांचून फार दिवस जगतां येत नाहीं, आणि त्याच्या आवडीनिवडीची छाप अंगावर उमटूं न देतां त्याचें अन्न खाणें हेंहि कोणत्याच कलेला आजवर साधलेलें नाहीं. दरबारी गवयाच्या गाण्यांत दरबार दिसतो, नाटकांतील पदांत रंगभूमि दिसते, आणि देवळांतील भजनांत सभामंडपाचा घुमारा ऐकूं येतो. हा नियम इतका सर्वसामान्य आहे कीं, तो सांगण्यांत कांहीं नावीन्य नाहीं. परंतु आश्रयदाता एके दिवशीं दार लावून निघून गेला आणि कलावंत मात्र त्याच्याच मापाचा अंगरखा शिवीत बसला, असा प्रसंग क्वचित् पाहावयास मिळतो. अमेरिकेंतील ‘स्मूथ जॅझ’ नांवाच्या संगीतावर नेमका हाच प्रसंग ओढवला आहे. २०२१ ते २०२५ या काळांत निघालेले त्या संगीताचे कांहीं आल्बम ऐकीत असतां जो विचार आमच्या मनांत वारंवार आला, तो वाचकांपुढें मांडावा एवढाच या लेखाचा हेतु.

हें संगीत आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित असेल असें नाहीं. नांव ठाऊक नसेल. पण मोठ्या हॉटेलाच्या दिवाणखान्यांत, किंवा विमान सुटण्यापूर्वीं आसनावर बसल्या बसल्या, सॅक्सोफोनचा जो मऊ, लांबविलेला सूर कानांवरून जातो, तो बहुधा याच जातीचा असतो. चीन देशांत तर केनी जी या वादकाची ‘गोइंग होम’ ही १९८९ सालची रचना दुकानें व शाळा बंद होण्याच्या सुमारास वाजविण्याचा प्रघात पुष्कळ वर्षें चालत आला; ती सुरू झाली कीं लोक आपापल्या पिशव्या आवरूं लागत. वादकाला इतकी अफाट प्रसिद्धि लाभावी, आणि ऐकणारांच्या लेखीं तिचा अर्थ ‘आतां उठा’ एवढाच उरावा, हें भाग्य म्हणावें कीं दुर्भाग्य म्हणावें? सूर कानांवरून जाणें निराळें आणि तो ऐकणें निराळें. या दोहोंतील अंतर रेडिओनें कसें वाढविलें, आणि रेडिओ गेल्यावर तें कमी होत आहे कीं नाहीं, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

प्रथम या संगीताचें कुळ पाहूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यू ऑर्लीन्स शहराच्या आसपास, अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजांत जॅझ संगीत आकारास आलें. त्याचा प्राण उपजेंत आहे. चाल सर्वांस ठाऊक असते. वादकाची परीक्षा होते ती त्या चालीचें तो पुढें काय करतो यावरून. ज्यानें चांगली ख्यालगायकी ऐकली आहे, त्यास ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. या कठीण संगीतास लोकप्रिय गीतांचा मऊ पेहराव चढविण्याचा प्रयत्न १९६७ सालीं गितारवादक वेस माँट्गोमेरी यांनीं, निर्माते क्रीड टेलर यांच्या देखरेखीखालीं, ‘ए डे इन द लाइफ’ या आल्बमांत केला. पुढें १९७६ सालीं जॉर्ज बेन्सन यांचा ‘ब्रीझिन’ हा आल्बम सर्वसाधारण आल्बमांच्या विक्रीयादींत पहिल्या क्रमांकावर गेला. १९८० सालीं सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन यांचा ‘वाइनलाइट’ निघाला, व त्यांतील बिल विदर्स यांनीं गाइलेलें गीत पुढल्या वर्षीं देशभर गाजलें. केनी जी यांची ‘साँगबर्ड’ ही एकहि शब्द नसलेली रचना १९८७ सालीं गीतांच्या यादींत चौथ्या क्रमांकावर पोंचली. या चारहि कृति एकमेकींसारख्या नाहींत. ज्याचा त्याचा सूर ओळखूं येतो, आणि मऊपणा हा ज्याच्या त्याच्या स्वभावांतून आलेला आहे. त्यांपुढें कोणतेंहि ठरीव माप नव्हतें, हें ध्यानांत ठेवावें. कारण माप यानंतर आलें.

१४ फेब्रुवारी १९८७ रोजीं लॉस एंजेलिस शहरांत ‘केटीडब्ल्यूव्ही’ हें रेडिओकेंद्र ‘द वेव्ह’ या नांवानें सुरू झालें. त्या ठिकाणीं पूर्वीं रॉक संगीताचें एक नामांकित केंद्र होतें. तें बंद करून मालकांनीं हा नवा प्रयोग मांडला. आरंभीं तेथें निवेदकहि नव्हते. एकामागून एक मंद रचना चालत, आणि त्यांत बऱ्याच जातींची सरमिसळ असे. त्याच वर्षीं शिकागोचें ‘डब्ल्यूएनयूए’ केंद्र याच वाटेनें निघालें, आणि पाहतां पाहतां मोठमोठ्या शहरांतून अशीं केंद्रें उभीं राहिलीं. ‘स्मूथ जॅझ’ हें नांव, बाजाराची पाहणी करणाऱ्या सल्लागारांनीं जमविलेल्या श्रोत्यांपैकीं एका बाईच्या तोंडून सहज निघालें व सल्लागारांनीं तें उचललें, असें सांगतात. स्मूथ म्हणजे गुळगुळीत, कोठेंहि न खुपणारें. एखाद्या संगीतप्रकाराचें बारसें वादकानें केलें नाहीं, टीकाकारानेंहि केलें नाहीं, तें बाजारपाहणीनें केलें, ही गोष्ट सामान्य नव्हे. नांवाबरोबर मापहि त्याच दुकानांतून आलें.

तें माप कसें घेत, हें थोडें सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंतील व्यापारी रेडिओचें उत्पन्न जाहिरातींवर, आणि जाहिरातींचा दर श्रोतृसंख्येवर अवलंबून. तेव्हां श्रोत्यानें केंद्र बदलूं नये, हेंच तेथील पहिलें शास्त्र. त्यासाठीं निवडक श्रोत्यांस एकत्र बसवून शेंकडों रचनांचे कांहीं सेकंदांचे तुकडे ऐकवावयाचे, प्रत्येकास गुण द्यावयास सांगावयाचें, आणि ज्यांस चांगले गुण पडले त्याच रचना पुनःपुन्हां वाजवावयाच्या, अशी पद्धति त्या धंद्यांत रूढ झाली. आतां कांहीं सेकंदांच्या तुकड्यांत काय मावतें? मुखडा मावतो. त्या मुखड्याचें पुढें काय झालें, वादकानें तो कोठवर नेला, समेवर कसा आणून सोडला, हें त्या तुकड्यांत कोठून येणार? म्हणून जो मुखडा पहिल्या दहा सेकंदांत गोड लागतो तो उत्तीर्ण झाला, आणि जी रचना चवथ्या मिनिटाला उमलते ती परीक्षेलाच बसूं शकली नाहीं. वादकहि माणसेंच. चाल आधीं वाजवावी, मधला विस्तार आखडता घ्यावा, ठेका यंत्रासारखा एकसारखा ठेवावा, आणि कोणताहि सूर इतका वर नेऊं नये कीं मोटार हांकणारा मनुष्य दचकून बटणाकडे हात नेईल, हे नियम कोणी लिहून न देतांच त्यांच्या अंगवळणीं पडले.

येथें कोणी म्हणेल कीं, रेडिओला वेळेची मर्यादा आहे, आणि मर्यादा कोणत्या कलेला नाहीं? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. चक मॅन्जिओनी यांच्या ‘फील्स सो गुड’ या १९७७ सालच्या रचनेचें उदाहरण घ्या. आल्बमवर ती साडेनऊ मिनिटांहून अधिक चालते. रेडिओसाठीं तिची कापणी होऊन ती सुमारें साडेतीन मिनिटांची झाली, आणि याच कापलेल्या रूपांत १९७८ सालीं ती घराघरांत पोंचली. मुखडा राहिला, विस्तार बहुतेक गेला. पण केवळ मिनिटें कमी झाल्यानें संगीत हलकें होतें, असें आम्ही म्हणणार नाहीं. लुई आर्मस्ट्राँग यांचें १९२८ सालचें ‘वेस्ट एंड ब्ल्यूज’ जुन्या तबकडीच्या एका बाजूवर बसावें म्हणून सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपविलेलें आहे. तरी त्याच्या आरंभीं कोणाचीहि साथ न घेतां ट्रंपेटनें जी झेप घेतली आहे, तिची आठवण जॅझचे अभ्यासक अद्याप काढतात. आमच्याकडे मिरजेच्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या तबकड्याहि तेवढ्याच लांबीच्या. त्या लहानशा अवकाशांत रागाचें सबंध रूप उभें करतांना त्यांनीं एक सूरहि वायां जाऊं दिला नाहीं.

यावरून दिसून येईल कीं, मर्यादा दोन प्रकारच्या असतात. एक काळाची, दुसरी अवधानाची. तबकडी कलावंतास सांगते, ‘तुला तीन मिनिटें आहेत, जास्तींत जास्त सांग.’ ती श्रोत्याचें पूर्ण लक्ष गृहीत धरते, कारण यंत्रावर तबकडी चढवून सुई ठेवणारा मनुष्य ऐकण्यासाठींच बसलेला असतो. व्यापारी रेडिओ कलावंतास सांगतो, ‘तुला चार मिनिटें आहेत, पण श्रोत्याचें काम मोडेल असें कांहीं बोलूं नको.’ पहिल्या मर्यादेनें कला घट्ट होते. दुसरीनें ती पातळ होते. स्मूथ जॅझचें नुकसान मिनिटांच्या टंचाईनें झालें नाहीं. आपल्याकडे कोणी लक्ष देऊं नये अशीच आपली योजना आहे, ही समजूत वादकांच्या मनांत मुरल्यानें तें झालें.

हा दोष रेडिओ या साधनाचा आहे काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. १९५५ सालापासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी नभोवाणीवरून विलिस कॉनोव्हर हे परदेशीय श्रोत्यांसाठीं जॅझचा कार्यक्रम करीत, आणि १९९६ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं तें काम केलें. आवाज संथ, बोलणें सोपें, रचना निवडलेल्या. आणि ऐकणारे लघुलहरींच्या खरखरींतून, कित्येक ठिकाणीं सरकारची नजर चुकवून, कान लावून बसलेले. मौज अशी कीं, १९४८ सालच्या कायद्यान्वयें तें प्रक्षेपण अमेरिकन जनतेसाठीं नव्हतें, त्यामुळें स्वदेशांत हें नांव फारसें कोणास ठाऊक नव्हतें. तेथें जाहिरात नव्हती, म्हणून श्रोत्यास धरून ठेवण्याची धडपडहि नव्हती. ज्यास ऐकावयाचें आहे तो ऐकेल, एवढाच विश्वास होता. साधन तेंच, संगीत त्याच कुळांतलें. परंतु श्रोत्याविषयींची कल्पना निराळी, म्हणून फळहि निराळें.

आतां दुसऱ्या बाजूचेंहि म्हणणें ऐकलें पाहिजे. स्मूथ जॅझला हंसणें ही विद्वान् रसिकांची जुनी खोड आहे. मऊ, मधुर, सहज कळणारें तें हलकें, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. दिवसभर काम करून थकलेल्या माणसास सायंकाळीं घटकाभर विसावा देणें हें कलेचें एक मानाचें कर्तव्य आहे. भावगीतानें आमच्या घरांत हेंच केलें, आणि त्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों. २००० सालीं नामांकित गितारवादक पॅट मेथेनी यांनीं केनी जींवर जी जळजळीत टीका केली, तिचें तात्कालिक कारण असें होतें कीं, केनी जींनीं १९९९ सालच्या एका आल्बमांत दिवंगत आर्मस्ट्राँग यांच्या जुन्या गीतावर आपला सॅक्सोफोन चढविला होता. त्या कृत्याचा निषेध योग्यच होता. परंतु तेव्हांपासून केनी जींचें नांव काढून सबंध जातीवर हात झाडण्याची जी रीत पडली, ती टीकेच्या आळसाची द्योतक आहे. विसावा आणि गुंगी यांत भेद आहे. विसाव्यानंतर मन ताजें होतें; गुंगीनंतर काय ऐकलें हेंच आठवत नाहीं. टीकाकारानें हा भेद आल्बमागणिक, रचनेगणिक दाखविला पाहिजे.

असो. ज्या रेडिओसाठीं इतका त्याग केला, त्यानें शेवटीं काय केलें? श्रोतृसंख्या मोजण्याची जुनी रीत अशी होती कीं, निवडलेल्या लोकांस वह्या द्यावयाच्या व आठवडाभर आपण कोणतें केंद्र ऐकलें हें त्यांनीं लिहून ठेवावयाचें. २००७ सालापासून अर्बिट्रॉन कंपनीनें एकेका मोठ्या शहरांत तिच्या जागीं एक लहानसें यंत्र आणलें. तें अंगावर बाळगलें म्हणजे प्रक्षेपणांत मिसळलेली, कानाला न कळणारी खूण तें आपोआप टिपतें. या नव्या मोजणींत स्मूथ जॅझच्या केंद्रांचे आंकडे खालीं आले. फेब्रुवारी २००८ मध्यें न्यूयॉर्कचें केंद्र रॉक संगीताकडे वळलें. मे २००९ मध्यें शिकागोच्या केंद्रानें हें संगीत सोडून स्पॅनिश कार्यक्रम सुरू केले. आणि २०१० सालीं खुद्द ‘द वेव्ह’नें ‘स्मूथ जॅझ’ हें बिरुद उतरवून ठेवलें. एकट्या यंत्रावर सगळा दोष टाकतां येणार नाहीं; १९९६ च्या कायद्यानें केंद्रांच्या मालकीवरील राष्ट्रव्यापी मर्यादा उठल्यावर शेंकडों केंद्रें थोड्या कंपन्यांच्या हातीं गेलीं होतीं, आणि ज्याचा आंकडा उतरला तें दुकान बदलण्यास त्यांस वेळ लागत नसे. तरी या हकीकतींतील विपरीतपणा पाहण्यासारखा आहे. वही श्रोत्याचें स्मरण मोजीत होती. यंत्र नुसतें सान्निध्य मोजूं लागलें. ज्या संगीतानें सान्निध्यासाठीं स्मरणीयतेवर पाणी सोडलें, तें वहींत टिकलें होतें तें थोड्या जिव्हाळ्याच्या श्रोत्यांच्या स्मरणावर, आणि यंत्रांत हरलें तें सान्निध्यावरच!

पैशाचा हिशेबहि पाहावा. अमेरिकेंतील साध्या रेडिओनें एखादी ध्वनिमुद्रिका वाजविली तर रचनाकारास व प्रकाशकास मोबदला मिळतो. ज्यानें ती वाजविली त्या वादकास वा मुद्रिकेच्या मालकास कायद्यानें कांहींच देणें लागत नाहीं. डिजिटल प्रक्षेपणापुरता हा हक्क १९९५ च्या कायद्यानें आला. म्हणजे दुसऱ्या कोणाचें गाजलेलें गीत सॅक्सोफोनवर वाजवून ज्यानें केंद्राची सबंध दुपार गोड केली, त्याच्या पदरीं प्रसिद्धीवांचून कांहीं पडत नव्हतें. त्या प्रसिद्धीवर आल्बम खपत होते, म्हणून सौदा चालला. आल्बमांचा खप ओसरला, केंद्रें बंद झालीं. सौदा संपला, आणि संवय तेवढी मागें राहिली.

या पार्श्वभूमीवर नव्या आल्बमांकडे वळूं. केनी जी यांच्या २०२१ सालच्या ‘न्यू स्टँडर्ड्‌स’ या आल्बमांत जुन्या काळच्या संथ गीतांच्या धर्तीवर केलेल्या नव्या रचना आहेत. कामगिरी नेटकी आहे, आणि सॅक्सोफोनचा सूर पहिल्याच श्वासांत ओळखूं यावा ही त्यांची सिद्धि येथेंहि शाबूत आहे. पण ‘लेगसी’ या रचनेपाशीं आम्ही अडखळलों. १९९१ सालीं दिवंगत झालेले थोर सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांच्या ध्वनिमुद्रणांतून सुटे सूर वेंचून, त्यांनीं आयुष्यांत कधीं न वाजविलेली चाल त्यांच्या आवाजांत येथें वाजवून घेतली आहे. यंत्रविद्येचा हा चमत्कार खरा. परंतु गेट्झ यांचें मोठेपण नुसत्या आवाजाच्या पोतांत होतें काय? कोणता सूर घ्यावा, कोणता टाळावा, कोठें श्वास सोडावा, या निवडींत तें होतें. निवड वजा करून पोत तेवढा उचलणें म्हणजे मोठ्या वक्त्याचा घसा उसना घेऊन आपलें भाषण करणें होय. आवाजाचा मऊपणा म्हणजेच सबंध संगीत, ही रेडिओची शिकवण किती खोल गेली आहे, याचा यापरता स्पष्ट पुरावा आम्हांस दुसरा दिसत नाहीं.

बोनी जेम्स यांची गोष्ट निराळी. त्यांचा पहिला आल्बम १९९२ सालचा. रेडिओच्या भरभराटींत ते वाढले, रेडिओ गेल्यावरहि टिकले, आणि २०२४ सालीं त्यांनीं ‘स्लो बर्न’ काढला. त्यांच्या सॅक्सोफोनचा सूर किंचित् सांवळा, भरदार. थोडके स्वर घेऊन ते त्यांच्या मधली जागा बोलकी करतात. हा संयम कमावलेला आहे. दुःख इतकेंच कीं, ठेक्याची चौकट पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत हलत नाहीं, आणि वादक आतां कोठें निघाला असें वाटतें न वाटतें तोंच मुखडा परत येऊन त्याला घरीं नेतो. आतां बटण फिरविण्यास कोणीहि बसलेला नाहीं. मग ही भीति कोणाची? ज्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहींच नाहीं त्यानें आटोपतें घ्यावें. बोनी जेम्स यांच्यासारख्यानें तें घेऊं नये, असें आम्हांस मनापासून वाटतें.

ब्रायन कल्बर्टसन यांनीं २०२१ व २०२२ सालीं ‘ट्रिलॉजी’ या नांवानें तीन आल्बम काढले. तांबडा, निळा व पांढरा अशीं त्यांचीं नांवें असून, एका प्रीतीचा आवेग, तिचा भंग आणि त्यानंतरची आशा अशी त्यांची योजना आहे. सुटें सुटें पाहिल्यास यांतील पुष्कळ रचना जुन्या मापांतल्याच वाटतील. परंतु त्या क्रमानें ऐकावयाच्या आहेत, आणि क्रम ही गोष्ट व्यापारी रेडिओस सर्वथा परकी आहे. तांबड्यांतील उसळी कानांत असतांना निळ्यांतील मंद पियानो ऐकला तर त्या मंदपणास अर्थ येतो. तोच पियानो दोन जाहिरातींच्या मध्यें ऐकला तर तो केवळ मंद वाटेल. तिन्ही भाग सारख्या योग्यतेचे नाहींत. पांढऱ्यांतील आशा आम्हांस अंमळ सोपी, दुःखाची पुरती किंमत न मोजतां मिळालेली वाटली. तथापि श्रोता एका बैठकीहून अधिक वेळ आपल्याबरोबर येईल असें गृहीत धरण्याचें धैर्य येथें आहे, आणि तें स्वागतार्ह आहे.

आम्हांस सर्वांत जास्त समाधान दिलें तें डेव्ह कॉझ आणि बॉब जेम्स यांच्या २०२५ सालच्या ‘जस्ट अस्’ या आल्बमानें. एक सॅक्सोफोन, एक पियानो; ढोल नाहीं, यंत्राचा ठेका नाहीं. ठेका नसल्यानें लय दोघांस मिळून सांभाळावी लागते, आणि म्हणून प्रत्येकास दुसऱ्याचें ऐकावें लागतें. वादकच जेथें इतके कान देऊन ऐकत आहेत, तेथें श्रोत्यासहि आपोआप ऐकावेंसें वाटतें. मऊपणा येथेंहि आहे. पण तो दोन माणसांच्या संभाषणांतला आहे. कॉझ यांनीं आपली हयात या प्रकारांतच घालविली आहे, आणि जेम्स यांस तर याच्या जनकांपैकीं एक मानतात. १९३९ सालीं जन्मलेला हा वृद्ध पियानोवादक पंच्याऐंशीव्या वर्षीं सर्व आवरणें काढून बसतो, हें आश्चर्य आहे. तरुणांनीं त्यापासून पुष्कळ घेण्यासारखें आहे.

बॉब जेम्स यांच्याविषयीं आणखी एक गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. १९७४ सालच्या त्यांच्या ‘वन’ या आल्बमाच्या अगदीं अखेरीस ‘नॉटिलस’ नांवाची एक रचना आहे. ती मुखड्याच्या गोडव्यावर उभी नाहीं. खालचे स्वर आणि अडखळत चालणारा ठेका यांवर ती उभी आहे. पुढें हिप्-हॉप करणाऱ्या तरुणांनीं जुन्या तबकड्यांच्या ढिगांतून ती हुडकून काढली, आणि तिचे तुकडे घेऊन आपलीं असंख्य गीतें रचलीं. त्यांनीं ती शोधली, कारण ते शोधीत होते, आणि ते शोधीत होते, कारण ते ऐकत होते. अवधान देणारा श्रोता पन्नास वर्षांपूर्वींच्या तबकडीच्या शेवटच्या कोपऱ्यांतूनहि आपलें धन उचलून नेतो, ही गोष्ट वादकांनीं विसरूं नये.

रेडिओ गेला म्हणून माप गेलें, अशा भ्रमांतहि कोणी राहूं नये. त्याच्या जागीं इंटरनेटवरून संगीत पुरविणाऱ्या कंपन्या आल्या आहेत. त्यांपैकीं स्पॉटिफायवर रचना तीस सेकंद वाजली तर ती ऐकली गेली असें मोजतात. आणि झोंपेसाठीं, अभ्यासासाठीं, कामासाठीं अशा याद्या तयार करून तेथें संगीत उपयोगाप्रमाणें वांटून ठेवलेलें असतें. एका दृष्टीनें ही मोकळीक आहे: पूर्वीं केंद्राच्या निवडींत नसलेली रचना मिळणें कठीण होतें, आतां साडेनऊ मिनिटांचें ‘फील्स सो गुड’ कोणासहि हवें तेव्हां ऐकतां येतें. दुसऱ्या दृष्टीनें पाहतां, तीस सेकंदांत मन धरून ठेवा ही नवी अट जुन्या अटीचीच धाकटी बहीण आहे. गेल्या धन्याचें माप सोडून नव्या धन्याचें अंगावर घ्यावयाचें, कीं मध्यंतरीं मिळालेल्या मोकळ्या वेळांत आपलें स्वतःचें माप शोधावयाचें, हा निर्णय या वादकांस आतांच करावा लागेल.

आणि श्रोत्यांचें काय? हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाहीं. आमच्या सुशिक्षित घरांतूनहि जेवतांना, लिहितांना, पाहुण्यांशीं बोलतांना कांहींतरी सुरेल मागें लावून ठेवण्याची चाल वाढत आहे, आणि पहांटे लावलेला ख्याल दुपारपर्यंत कोणीहि न ऐकतां वाजत राहतो, हें दृश्य विरळा नाहीं. जें संगीत लक्ष न देतां ऐकलें जातें, तें कालांतरानें लक्ष न देतां ऐकण्याजोगेंच होऊं लागतें. स्मूथ जॅझचा इतिहास हेंच सांगतो. म्हणून वाचकांस आमची सूचना एवढीच आहे. ‘ट्रिलॉजी’चा निळा भाग किंवा ‘जस्ट अस्’ यांपैकीं एक आल्बम घ्यावा, हातांतलें काम बाजूस ठेवावें, आणि तो आरंभापासून अखेरपर्यंत, मध्यें न उठतां, एकदां ऐकावा. संपल्यावर घटकाभरानें त्यांतलें काय आठवतें तें पाहावें. जें आठवेल त्यावरून त्या वादकाची योग्यता ठरवावी, आणि कांहींच आठवलें नाहीं तर आपण नीट ऐकलें होतें कीं नाहीं, हेंहि आधीं तपासून पाहावें.